सेन्योराच्या हाताची चव

"कोमे, फ्लाको, कोमे!"

बेचाळीस वर्षं झाली, पण ही हाक काकांच्या कानात अजून ओली आहे. जाड, घोगरा आवाज, विहिरीतून भरली घागर हळूहळू वर यावी तसा खालून वर चढत जाणारा. अर्थ अगदी साधा, 'खा रे हाडकुळ्या, खा!' ही हाक घालणारी म्हातारी मेक्सिकोतल्या एका गिरणीच्या गावात खाणावळ चालवायची. सगळे तिला सेन्योरा म्हणत, म्हणजे नुसतं 'बाई'. लांबलचक लाकडी टेबल, त्याच्याभोवती अकरा भुकेली माणसं, भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे दोन, आणि मधोमध मातीच्या भांड्यात तो काळाभोर, तेलाची तकाकी आलेला रस्सा. मोले!

आता मोले म्हणजे काय, हे काकांना विचारायची चूक तुम्ही करू नका. पाऊण तास जाईल. थोडक्यात सांगायचं तर तीन तऱ्हेच्या वाळक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे आणि चक्क कोकोची बी, हे सगळं भाजून, दगडावर वाटून, मंद आचेवर तासन्‌तास रटरटवलेला रस्सा. आधी गोड लागतो, मग तिखट, मग थोडा कडू, आणि शेवटी माणूस गप्प होतो. गप्प होतो हे काकांचं म्हणणं. काका स्वतः त्यानंतर बेचाळीस वर्षं बोलतच आहेत.

तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे फिटर होते. कंपनीनं सूतगिरणीची यंत्रं बसवायला त्यांना मेक्सिकोत धाडलं. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. आधी ते एकटे गेले, मग मागून काकू आल्या. वर्षभर राहून दोघं परतले. काका परतले असं आपलं म्हणायचं! शरीर तेवढं विमानातून उतरलं, जीभ तिकडेच टेबलावर राहिली. गल्लीनं त्यांचं खरं नाव पुसून टाकलं आणि त्यांना मेक्सिकोकाका करून टाकलं, ते काही उगीच नाही.

घरात रोजचा एक प्रवेश ठरलेला. काकू गरम गरम वाढत. काका पहिला घास घेत, डोळे मिटत, आणि म्हणत, "चांगलं झालंय हं! पण खरं सांगू? सेन्योराचा हात म्हणजे हात! तसा हात पुन्हा झाला नाही."

"आणखी वाढू का?" काकू विचारत.

बस्स, एवढंच. ना कपाळाला आठी, ना भांड्याचा आवाज. सकाळी एकदा, रात्री एकदा, असं बेचाळीस वर्षं! दुसरी कुणी असती तर पळी फेकून मारली असती, असं तळमजल्यावरचे मास्तर म्हणत. हे मास्तर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले पोस्टमास्तर, काकांचे बाकावरचे सोबती आणि टोमण्यांचे घाऊक व्यापारी.

तर गोष्ट सुरू झाली एका गुरुवारी. काकांच्या पोटात महिनाभर आग पडत होती. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, कागदावर जठराचं चित्र काढलं, त्यात पेनानं दोन टिंबं काढली आणि म्हणाले, "या दोन जखमा. सोमवारी गोळ्या सुरू करू. सोमवारपासून तिखट बंद, मसाला बंद, तळलेलं बंद."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचं."

"आणि सोमवारपर्यंत?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. सत्तरीचा माणूस, पण चेहरा शाळेबाहेर उभं केलेल्या पोरासारखा! "सोमवारपर्यंत जपून एखादा घास खा," ते म्हणाले, "पण मी म्हणालो म्हणून कुणाला सांगू नका."

काका घरी आले ते थेट बाकावर. मास्तर तिथं होतेच. काकांची कॉलेजात जाणारी नात फोन चाळत जिन्याच्या पायरीवर बसली होती. काकांनी जाहीर केलं, "आज गुरुवार. रविवारपर्यंत या गावातून अस्सल मोले शोधून काढतो. एक घास, अस्सल! त्यानंतर खुशाल जन्मभर पेज पाजा. नाही शोधला तर नाव बदलीन!"

"कुठलं नाव?" मास्तर म्हणाले. "खरं तर आता तुम्हालाही आठवत नसेल."

"चेष्टा करू नका मास्तर. फिटरची नजर आहे ही. खोटा माल मी दारातून ओळखतो!"

नातीनं तोवर फोनमध्ये पाहिलंसुद्धा. "आजोबा, मेक्सिकन म्हणून गावात तीन ठिकाणं आहेत."

"तीन!" काका मास्तरांकडे वळले. "बघा! आपल्या नाकाखाली तीन मेक्सिको आहेत आणि आपण बाकावर बसलोय!"

वरच्या गॅलरीत काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी एक चादर झटकली, दोरीवर टाकली, आणि आत गेल्या.

शुक्रवारी काका तयार झाले ते एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखे. कंपनीचा जुना खाकी शर्ट घातला. खिशात दोन पेनं, एक वही, आणि व्हर्नियर. व्हर्नियर म्हणजे केसाएवढी जाडी मोजायचं फिटर लोकांचं पोलादी माप. नातीनं विचारलं, "हे कशाला?"

"तोर्तिया मोजायला. सेन्योराची भाकरी दोन मिलिमीटर असायची. ना कमी, ना जास्त. मी तेव्हा मोजली होती."

"जेवताना?"

"मग कधी मोजणार?"

पहिलं हॉटेल मोठं थाटाचं होतं. भिंतीवर सुपाएवढ्या टोप्या, दारात प्लास्टिकचं निवडुंग, आणि वेटरच्या डोक्यावर इतकी रुंद टोपी की दोन वेटर समोरासमोर आले की एकाला मागे सरावं लागे. काकांनी खुर्ची ओढली नाही. उभ्या उभ्या त्यांनी एका प्लेटमधली तोर्तिया उचलली, व्हर्नियरमध्ये धरली, उजेडाकडे केली, आणि मोठ्यानं म्हणाले, "साडेतीन! लिही."

नातीनं फोनमध्ये फोटो काढला. वेटरची टोपी थरथरली. तो आत पळाला आणि मालकाला घेऊन आला. मालक गोल, घामाघूम, आणि त्याच्याही डोक्यावर टोपी.

"काय झालं साहेब?"

"काही नाही. तपासायला आलोय. आत भटारखाना कुठे आहे?"

"आजच?"

"आजच. सोमवारनंतर काही उपयोग नाही. सोमवारी सगळं बंद."

मालकानं टोपी काढली. तुम्हीच सांगा, खाकी शर्ट, वही, हातात पोलादी यंत्र, सोबत फोटो काढणारी मुलगी, आणि तोंडात 'सोमवारी सगळं बंद'! त्या बिचाऱ्यानं काय समजावं? तो समजला ते एकच. फूड इन्स्पेक्टर!

"साहेब, बसा तर खरं," तो हात चोळत म्हणाला. "काही थंड घ्या. आपण बसून समजून घेऊ ना!"

"मला काही नको," काका म्हणाले. त्यांना वाटलं, काय अगत्यशील माणूस आहे! "मला फक्त अस्सल पाहिजे. तुमच्याकडे मोले आहे?"

मालकानं हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण इन्स्पेक्टरला नाही कसं म्हणायचं? "आहे ना साहेब! नसायला काय झालं!"

आतून काही वेळ खाडखूड ऐकू आली, मग दबक्या आवाजातलं भांडण, आणि मग एका वाटीत काहीतरी तपकिरी आलं. काकांनी श्रद्धेनं चमचा बुडवला. आइस्क्रीमवर ओतायचं चॉकलेट, त्यात टोमॅटो सॉस, त्यावर लाल तिखट! वाढदिवसाच्या केकवर दोघांनी सूड उगवावा, तशी चव. काकांना उचकी लागली. उचकीतल्या उचकीत त्यांनी वहीत लिहिलं, मालकाला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "हिक्‌, नकली. हिक्‌, पूर्णपणे नकली."

दोघं रस्त्यावर आले. काचेतून नातीनं मागं पाहिलं. मालक फोनवर कुणाशी तरी हातवारे करून बोलत होता.

"आजोबा, तो तुम्हाला कुणीतरी वेगळंच समजला."

"समजणारच! फिटरची नजर असते ना!"

शनिवारी दुसरं हॉटेल. शटर अर्धं खाली, आणि त्यावर पाटी, 'दुरुस्तीसाठी बंद'. शाई अजून ओली होती. आतून बादल्यांचा आवाज येत होता. काकांनी शटरवर व्हर्नियरनं टकटक केली, तशी उरलेलं शटरही धाडकन खाली आलं.

"दोन गेले," नात म्हणाली.

"अस्सल माल शेवटीच सापडतो," काका म्हणाले. पण चालताना त्यांचा हात पोटावर होता, आणि चाल कालच्याइतकी तरतरीत नव्हती.

तिसरं ठिकाण बसडेपोच्या मागं, टायरच्या दुकानाशेजारी. आठ खुर्च्यांचं हॉटेल, ना टोप्या, ना निवडुंग. मालक आणि आचारी एकच. पन्नाशीचा, दंडावर नांगर गोंदलेला, बोटींवर वीस वर्षं स्वयंपाक केलेला. सगळे त्याला बोटीवाला म्हणत. काका दारात पोचले तेव्हा तो पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून फरशी घासत होता. सगळीकडे फिनेलचा असा वास की डोळ्यांपुढे दवाखाना उभा राहावा!

"या साहेब, या!" तो ताठ उभा राहिला. "बघून घ्या! एक शिळी वस्तू नाही. सगळं टाकलं!"

"मोले आहे का?"

बोटीवाल्याचा चेहरा उतरला. "होता साहेब. पण तुम्हाला कुणी सांगितलं? तीन दिवस मुरवलेला होता. तो तिसऱ्या दिवशीच खरा लागतो. पण टोपीवाल्याचा फोन आला, खाकीवाला इन्स्पेक्टर फिरतोय, तीन दिवसांचं काही दिसलं तर कुलूप लावेल. म्हणून..." त्यानं मान मोरीकडे वळवली.

"म्हणून काय?"

"ओतला."

काका मोरीपाशी गेले. गुडघे दुखत होते तरी बसले. जाळीवर तेलाची काळी तकाकी अजून होती. त्यांनी मान खाली घातली आणि दीर्घ श्वास घेतला.

"आजोबा, उठा! लोक बघतायत!"

"थांब गं! वास तरी घेऊ दे." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मिरची आहे... तीळ आहेत... फिनेल आलं मध्येच!"

बोटीवाला चक्रावला. मोरी हुंगणारा इन्स्पेक्टर त्यानं पाच समुद्रांत पाहिला नव्हता. "साहेब, तुम्ही नक्की कुठल्या खात्याचे?"

"मी?" काका भिंतीला धरून उठले. "मी रिटायर्ड फिटर."

बोटीवाला पालथ्या बादलीवर मटकन बसला. "फिटर! आणि मी दहा शेर मोले गटाराला पाजला!"

"मी कुठे म्हणालो इन्स्पेक्टर आहे म्हणून?"

"आणि नाही तरी कुठे म्हणालात?"

आता काकांनी सगळं सांगितलं. जठराचं चित्र, सोमवार, लांब टेबल, अकरा माणसं, आणि ती हाक. हाक तर त्यांनी घालूनच दाखवली. 'कोमे, फ्लाको, कोमे!' टायरवाला डोकावून गेला. बोटीवाल्याचा राग मात्र हाकेबरोबर उतरला. "बोटीवर आमचा एक मेक्सिकन म्हातारा होता," तो हळूच म्हणाला. "तोही असाच ओरडायचा. त्यानंच शिकवला मला मोले. अधूनमधून बोटीवरचा कुणी दोस्त मिरच्या आणून देतो. एवढ्या उरल्यात." त्यानं डबा उघडला. काळ्या, सुरकुतलेल्या, ओंजळभर मिरच्या. "पुन्हा कधी मिळतील सांगता येत नाही. पण इथं फिनेलचा वास दोन दिवस जाणार नाही. या वासात मोले करणं म्हणजे पाप!"

"मग माझ्या घरी!" काका म्हणाले. "उद्या रविवार आहे!"

रविवारी सकाळी काकांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. काकूंना हात धरून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं.

"आज तू काही करायचं नाहीस. नुसतं बघ. बेचाळीस वर्षं सांगतोय ना तुला, सेन्योराचा हात, सेन्योराचा हात? आज कळेल!"

"बरं," काकू म्हणाल्या. आणि मग, न राहवून, "मिरच्या भाजताना खिडकी उघडी ठेवा."

"अजिबात नाही! वास बाहेर गेला तर उरलं काय?"

आत दोन आचारी आणि एक शेगडी. बोटीवाला म्हणे आधी शेंगदाणे, काका म्हणत आधी मिरच्या.

"काका, म्हाताऱ्यानं मला हातानं शिकवलंय."

"आणि मी ते तोंडानं खाल्लंय! तुमच्या म्हाताऱ्याची खाणावळ होती का? मग! सरका."

काकांनी निम्म्या मिरच्या तव्यात टाकल्या, गॅस मोठा केला, आणि मशीन चालू केल्याच्या ऐटीत मागं सरले. मिरच्या फुगल्या, काळवंडल्या, आणि मग तव्यातून जो धूर उठला! धूर कसला, ठसक्याचं पीकच उगवलं घरात! आधी बोटीवाला खोकला. मग काका. मग पुढच्या खोलीत नात. बंद खिडक्यांना डोकी आपटत धूर दाराखालून जिन्यात गेला, आणि मजल्यामजल्यानं बिऱ्हाडं उठवत खाली उतरला. दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी तोंडाला कापलेला मांजरपाट बांधून बाहेर आला. कुणी 'आग! आग!' केलं. कुणी वाळूची बादली आणली आणि शिंकता शिंकता ती जिन्यातच पालथी केली. मास्तर ओला टॉवेल डोक्यावरून घेऊन, एखाद्या नव्या नवरीसारखे चाचपडत वर आले.

"मेक्सिको, बाहेर पडा! नाहीतर सोमवारची वाट बघायला उरणार नाहीत!"

काका वाकून, पोट धरून खोकत होते. मास्तरांनी आणि नातीनं त्यांना काखेत धरून तळमजल्यावर नेलं. जाता जाता काकांनी पाहिलं. काकूंनी पदर ओला करून नाकाला बांधला होता आणि त्या एकेक खिडकी उघडत होत्या.

मास्तरांच्या खोलीत काका आरामखुर्चीत पडले. डोळ्यांतून पाणी थांबेना. मिरचीचा धूर फार सोयीचा, आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, कुणाला कळत नाही.

"जळल्या मिरच्या," ते म्हणाले. "संपलं."

"अहो, एका रश्श्यासाठी एवढं?" मास्तर म्हणाले. आज त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"रस्सा नव्हे हो." काकांनी डोळे पुसले. "मास्तर, कुणाला सांगू नका. मी रोज सांगतो ना, सेन्योराचा हात, सेन्योराचा हात? दोन-तीन वर्षं झाली, मला ती चव आठवतच नाही. टेबल आठवतं. घड्याळ आठवतं. हाक तर आत्ता ऐकू येते. पण जिभेवर काही येत नाही. मग मी आणखी मोठ्यानं सांगतो. वाटलं होतं, एकदा, एक घास... म्हणजे मी तिथं होतो, तरुण होतो, भूक लागायची मला, एवढं तरी खरं ठरलं असतं."

मास्तरांनी टॉवेल पिळला आणि काकांच्या कपाळावर ठेवला.

बोटीवाला तेवढ्यात डोळे चोळत दारात आला. "बघतो वर जाऊन काही वाचलंय का," म्हणाला, आणि गेला. तो काही परत आला नाही. नातही वर गेली, तीही अडकली. दुपार सरली. जिना झाडला गेला. शिंप्याचं मशीन पुन्हा चालू झालं. काकांचा डोळा लागला.

जागे झाले ते वासानं. तो वास पायरी पायरी उतरत, कुठेही घाई न करता, आपलं घर माहीत असलेल्या माणसासारखा दारातून आत आला. आधी भाजल्या तिळाचा, मग मिरचीचा, मग कोकोचा, कडसर. काका ताठ बसले. मास्तरांचं वर्तमानपत्र खाली पडलं.

"आजोबा, चला!" वरून नातीची हाक आली. "ताट वाढलंय!"

साडेपाच वाजले होते. दुपारचं जेवण संध्याकाळी! टेबलावर भांडं, त्यात काळाभोर रस्सा, वर तेलाची तकाकी. काकांनी खिशातलं व्हर्नियर बाहेरसुद्धा काढलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला, आणि डोळे मिटले.

आधी गोड. मग तिखट. मग थोडा कडू.

आणि मेक्सिकोकाका गप्प झाले! मास्तरांनी घड्याळात पाहिलं, कारण नंतर कुणाचा विश्वास बसला नसता. पूर्ण दोन मिनिटं! मिटल्या पापण्यांखालून पाणी वाहत होतं, आणि आता घरात धुराचा मागमूसही नव्हता.

मग त्यांनी डोळे उघडले, उठले, आणि बोटीवाल्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "हाच! बेचाळीस वर्षं शोधतोय, हाच तो हात! तिखट तेच, कडू तेच! तुम्ही माणूस नाही, तुम्ही सेन्योरा आहात!"

"अहो काका, ऐका तर..." बोटीवाला हात सोडवू लागला.

"नाही! आज मला बोलू द्या! या हातांना सोन्याचं कडं..."

"थांबा," काकू म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण त्या कधी मध्ये बोलत नसत, त्यामुळे सगळे थांबले.

"ते दुपारभर गॅलरीत बादलीत डोळे बुडवून बसले होते. तुम्ही जाळल्यात त्या निम्म्या. उरलेल्यांचा मी केला."

"तू?" काका हसले. "वा! म्हणजे यांनी सांगत जायचं आणि तू..."

"मला कुणी काही सांगितलं नाही. तिकडेही मीच करत होते."

"तिकडे कुठे?"

"सेन्योराकडे."

बोटीवाल्याचे हात काकांच्या हातातून आपोआप सुटले.

"मी पोचायच्या आधी तिला मोठा ताप येऊन गेला होता," काकू म्हणाल्या. "त्यात बिचारीचं नाक गेलं, जीभ गेली. मीठ कळेना, करपलेलं कळेना. जेवणारी माणसं उठून गेली असती तर म्हातारीनं कुठे जायचं? मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला आत ओढलं, हातात पळी दिली, आणि ओठांवर बोट ठेवलं. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. पण तेवढं कळलं. ती हातवारे करून सांगायची, मी भाजायचं, वाटायचं, चाखायचं. मी मान हलवली की भांडं बाहेर. हाक तेवढी तिची."

"पण..." काका खुर्ची चाचपत बसले. "तू यायच्या आधी तीन महिने मी जेवलोच की तिथं!"

"जेवलात ना. पत्रं आहेत माझ्याकडे. 'इथलं जेवण म्हणजे ओला पुठ्ठा' असं लिहायचात."

मास्तरांनी खोकला आल्याचं सोंग केलं. नात मात्र आजीकडे बघत राहिली. "मग आजी, घरी कधीच कसा नाही केलास?"

"मिरच्या कुठे होत्या?"

"सांगितलं तरी असतंस!"

"तिला शब्द दिला होता."

"ती गेल्याचं पत्र येऊन वीस वर्षं झाली ना? मग तेव्हा?"

काकूंनी पळी भांड्यात फिरवली. काकांच्या ताटात आणखी थोडं वाढलं, उद्या सोमवार असल्याचं माहीत असूनही, जपून, एकच पळी. मग नातीकडे न बघता म्हणाल्या, "तेव्हा सांगणार होते गं. तोंडापर्यंत आलं होतं. पण हे जेवायला बसले, डोळे मिटले, आणि म्हणाले, सेन्योराचा हात म्हणजे हात, तसा हात पुन्हा झाला नाही. म्हटलं, सांगितलं तर हे बंद होईल. बायकोच्या हाताचं कुणी रोज दोन वेळा गुणगान गातं का? बेचाळीस वर्षं मी समोर उभी राहून ऐकत होते, आणि ते सगळं माझंच होतं. सेन्योराला दिलंत, त्याचं मला काही नाही. पण आज गॅलरीत खोकत बसलेल्या माणसाला देऊन टाकायला निघालात, तेव्हा म्हटलं, आता बास!"